ज्वारी-तुरीच्या जनुकांची कामं सांगायला सामायिक शब्दसंग्रह: नवा बनवावा की आहे तो वापरावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीला रब्बी ज्वारीवर पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या गटाकडे पाण्याच्या ताणात वाढवलेल्या रोपांचा आरएनए सिक्वेन्सिंगचा (कुठलं जनुक किती चालू आहे ते दाखवणारा) डेटा आहे. जोडीला बदनापूरकडच्या तुरीच्या शेतनोंदी आणि नांदेडच्या एका मित्राचा कपाशीवरचा डेटा आहे; तक्ते सोबत पाठवले आहेत. तिन्ही ठिकाणी 'दुष्काळ सहनशील' असा शेरा आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. जीन ऑन्टॉलॉजीत, म्हणजे जनुकांची कामं ठरलेल्या शब्दांत सांगणाऱ्या सामायिक शब्दसंग्रहात, पाण्याचा ताण शोधायला गेलं तर टर्मची (ठरलेल्या संज्ञांची) रांगच समोर येते, त्यातली कुठली घ्यावी ते कळत नाही. मग मराठवाड्यातल्या पिकांसाठी आपलाच एक नियंत्रित शब्दसंग्रह तयार करावा का? करायचा तर सुरुवात कुठून?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. जनुकाचं काम सांगायला नवा शब्दसंग्रह बनवू नका, जीन ऑन्टॉलॉजीच वापरा. शेतात दिसणाऱ्या गुणधर्मांसाठी क्रॉप ऑन्टॉलॉजी या पिकांच्या गुणधर्मांच्या शब्दसंग्रहातल्या ज्वारीच्या आणि तुरीच्या याद्या घ्या, आणि त्यांत जे सापडत नाही तेवढंच तुम्ही तिघं बसून ठरवा. 'दुष्काळ सहनशील' हा शेरा मात्र सगळीकडून काढून टाका. जनुकापासून बनलेलं प्रथिन काय करतं, पाणी तुटल्यावर झाडाच्या आत काय घडतं आणि शेवटी शेतात काय दिसतं, या तीन गोष्टी त्या एका शेऱ्यात कोंबल्या आहेत. तुमचा घोळ तिथूनच सुरू होतो.

या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या हे कुणाच्या तरी डोक्यातून एका रात्रीत आलेलं नाही. यीस्टचा जीनोम १९९६ मध्ये वाचून झाला, सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीचा १९९८ मध्ये, फळमाशीचा २००० मध्ये. पेशीची मूलभूत कामं करणारी जनुकं यीस्टपासून माणसापर्यंत एकमेकांसारखी आहेत हे तोवर स्पष्ट झालं होतं. म्हणजे यीस्टमध्ये मेहनतीने शोधलेली गोष्ट उंदराच्या जनुकाला लावता यायला हवी. पण प्रत्येक डेटाबेसची लिहिण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे संगणकाला दोन नोंदी एकाच कामाबद्दल आहेत हेच कळेना. १९९८ साली फळमाशीचा फ्लायबेस, यीस्टचा सॅकॅरोमायसिस जीनोम डेटाबेस आणि उंदराचा माउस जीनोम डेटाबेस हे तिघे एकत्र आले आणि जीन ऑन्टॉलॉजीचं काम सुरू झालं. मायकेल ॲशबर्नर हे त्यातलं ठळक नाव. २००० साली नेचर जेनेटिक्समध्ये त्यांचा लेख आला. वनस्पतींकडून ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या नमुना वनस्पतीचा डेटाबेस लवकरच सामील झाला, मग गवतवर्गीय पिकांसाठी ग्रामीन हा डेटाबेस.

सुरुवातीलाच त्यांना जो त्रास झाला तो तुमच्याही वाट्याला येणार आहे. 'स्पोर्युलेशन' घ्या. जिवाणूत ते प्रतिकूल काळ काढण्यासाठी होतं, बुरशीत मुख्यतः प्रजननासाठी. शब्द एक, प्रक्रिया दोन. सुरुवातीला त्यांनी 'जिवाणूंच्या अर्थाने', 'बुरशीच्या अर्थाने' अशा शेपट्या लावून भागवलं. पुढे त्या काढून टाकल्या आणि प्रत्यक्ष काय घडतं त्यावरून टर्म वेगळ्या केल्या. मला या सगळ्या खटाटोपातली ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. शेपटीमुळे आजचं भांडण मिटतं, पण तिसरा जीव आला की ते पुन्हा उभं राहतं. तुमच्या वहीत 'सहनशील (ज्वारी)' आणि 'सहनशील (तूर)' असं लिहायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा.

आता टर्म म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण बहुतेक जण तिथेच चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. टर्ममध्ये एक क्रमांक असतो, एक नाव, एक व्याख्या, काही पर्यायी शब्द आणि इतर टर्मशी असलेली नाती. यात नाव सगळ्यात कमी महत्त्वाचं. सातबाऱ्यावरचा गट नंबर जसा असतो तसा हा क्रमांक. घरातले त्या तुकड्याला विहिरीचं रान म्हणोत, शेजारी लिंबाचं वावर म्हणोत, तलाठ्याला गट नंबर पुरतो. तुकडे पडले तर पोटहिस्से पडतात, फेरफार नोंदला जातो, जुनी नोंद कुणी खोडून फेकून देत नाही. जीन ऑन्टॉलॉजीतही नाव बदलू शकतं, पण व्याख्येचा अर्थ बदलला तर जुना क्रमांक बाद म्हणून ठेवतात, त्याच्या जागी कुठला वापरायचा ते शक्य असेल तिथे लिहितात, आणि बाद झालेला क्रमांक दुसऱ्या कशाला कधीच देत नाहीत. म्हणून प्रबंधात टर्मचं नुसतं नाव लिहू नका. क्रमांक लिहा आणि ऑन्टॉलॉजीची कुठली आवृत्ती वापरली तिची तारीख लिहा.

जीओ:०००९४१४ ही टर्म उघडून बघा. तिचं नाव आहे 'रिस्पॉन्स टू वॉटर डेप्रिव्हेशन'. 'ड्रॉट टॉलरन्स' हा शब्द तिथे आहे, पण पर्यायी शब्दांमध्ये. व्याख्येत एवढंच म्हटलंय की दीर्घकाळ पाणी न मिळाल्यामुळे पेशीच्या किंवा जीवाच्या स्थितीत वा हालचालीत जो बदल होतो तो घडवून आणणारी कोणतीही प्रक्रिया. झाड तगलं की मेलं, दाणा भरला की नाही, याबद्दल चकार शब्द नाही. ही टर्म लावून तुम्ही जनुकाबद्दल फक्त एवढं सांगता की पाणी तुटल्यावर झाड जो प्रतिसाद देतं त्यात हे जनुक भाग घेतं. त्या प्रतिसादाचा झाडाला फायदा होतो की तोटा, हा प्रश्न या टर्मच्या कक्षेबाहेरचा आहे.

जीन ऑन्टॉलॉजीची स्वतःची तीन दालनं आहेत: रेण्वीय कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीघटक. ज्वारीतलंच एक जनुक घेऊन ती दाखवतो: डीडब्ल्यू३. ज्वारीच्या उंचीवर परिणाम करणारी चार बुटकेपणाची जनुकं पैदासकार फार पूर्वीपासून ओळखतात, त्यातलं हे तिसरं. २००३ साली सायन्समध्ये आलेल्या अभ्यासातून समजलं की मक्यातलं ब्रॅकिटिक२ आणि ज्वारीतलं डीडब्ल्यू३ हे मूळचं एकच, आणि ॲराबिडॉप्सिसच्या पीजीपी१ शी, म्हणजे आजच्या एबीसीबी१ शी, त्यांचं जवळचं नातं आहे. तीन वनस्पतींत तीन नावं: एक खोड आखूड म्हणून, एक झाड बुटकं म्हणून, एक प्रथिनाच्या घराण्यावरून. नुसती नावं वाचून कुणाला नातं कळणार? पण जीन ऑन्टॉलॉजीत लिहायला गेलं की चित्र स्वच्छ होतं. प्रथिन ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पेशीबाहेर सोडतं, हे त्याचं रेण्वीय कार्य: जीओ:००१०३२९. त्यामुळे ऑक्सिनचं एका दिशेने वहन होतं, ही जैविक प्रक्रिया: जीओ:०००९९२६. ते पेशीपटलात बसतं, हा पेशीघटक: जीओ:०००५८८६. 'बुटकेपणा' यातल्या कुठल्याच दालनात बसत नाही, कारण बुटकेपणा हे जनुकाचं काम नव्हेच. ते जनुक बिघडल्यावर झाडात दिसणारं लक्षण आहे, आणि त्याची जागा गुणधर्मांच्या यादीत.

जाता जाता: बुटक्या ज्वारीच्या रानात मधूनच एखादं ताड उंच झाड दिसतं आणि बियाण्यात भेसळ झाली असा बोभाटा होतो. डीडब्ल्यू३ चं जे बुटकं रूप सर्रास वापरात आहे त्यात डीएनएचा ८८२ बेसचा (अक्षरांचा) एक तुकडा दुबार झालेला आहे. असमान क्रॉसिंग ओव्हरमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल नीट न जुळता झाली की, तो जादा तुकडा निघून गेला की जनुक पुन्हा चालू होतं आणि झाड उंच होतं. बियाणेवाल्याची चूक दर वेळी असतेच असं नाही. आपल्याकडे कडब्याला भाव असल्याने कुणाला त्या उंच झाडाचं वाईटही वाटणार नाही, ते सोडा.

नात्यांबद्दल एकच नियम पाठ करून ठेवा. टर्म एखाद्या जनुकाला लावली की तिच्या वरच्या सगळ्या टर्म त्या जनुकाला आपोआप लागू होतात, आणि त्या सगळ्या खऱ्या असाव्या लागतात. ऑक्सिनचं दिशादर्शी वहन लावलं की ऑक्सिनचं वहन आलं, संप्रेरकाचं वहन आलं, शेवटी 'जैविक प्रक्रिया' हे मूळ आलं. एका टर्मला वर एकाहून जास्त पालक असू शकतात, म्हणून याला झाड न म्हणता आलेख म्हणतात. तुमची टर्म नेमकी आहे की नाही हे तपासायचं असेल तर तिच्यापासून वर चढत जा आणि प्रत्येक पायरीवर 'माझ्या जनुकाबद्दल हे खरं आहे का' असं विचारा. जिथे अडखळाल तिथे एक तर टर्म चुकलीय, नाहीतर ऑन्टॉलॉजीतच चूक आहे. दुसरी शक्यता तुम्हाला वाटते तितकी दुर्मिळ नाही.

आता तुमच्या डेटातला सगळ्यात अवघड मुद्दा: स्टे-ग्रीन. रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी असते, काळी जमीन भेगाळत जाते आणि दाणा भरायच्या ऐन वेळी पाणी संपतं. तेव्हा ज्यांची पानं हिरवी राहतात ती झाडं सहसा कमी लोळतात आणि खडखड्या रोगालाही कमी बळी पडतात. इथिओपियन मूळ असलेल्या बी३५ या वाणात स्टे-ग्रीनशी जोडलेले चार भाग सापडले, एसटीजी१ ते एसटीजी४. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात या चौघांना जनुक म्हटलंय आणि त्यांच्या नावापुढे जीओ:०००९४१४ लावलंय. ते काढा. हे क्यूटीएल आहेत, म्हणजे गुणसूत्रावरचे पट्टे, आणि अशा एकेका पट्ट्यात पुष्कळ जनुकं असतात. जीन ऑन्टॉलॉजीची टर्म जनुकापासून बनणाऱ्या घटकाला लागते, पट्ट्याला लागत नाही.

याहून खोल अडचण पुढे आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या गटाने दाखवलं की या पट्ट्यांचा परिणाम फुलोऱ्याच्या आधीच सुरू होतो. फुटवे कमी, वरची पानं लहान, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत पाणी कमी खर्च होतं आणि शिल्लक राहिलेलं दाणा भरताना कामी येतं. म्हणजे पाऊस भरपूर असतानाही या पट्ट्यातलं हे घडवणारं जनुक आपलं काम करतच असणार, आणि ते काम फुटव्याच्या किंवा पानाच्या वाढीचं असणार. शेतात मात्र आपण त्याला 'दुष्काळात हिरवं राहणारं' म्हणतो. अशा जनुकाला 'पाण्याच्या ताणाला प्रतिसाद' ही टर्म लावली तर ती सरळ सरळ चुकीची ठरू शकते, कारण ते ताणाला प्रतिसाद देतच नाही. गुणधर्म आणि कार्य यांची सरमिसळ करू नका असं सगळे सांगतात. का करू नये याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या पिकात मला माहीत नाही.

पुरावा हा तुमच्या प्रश्नात नसलेला पण सगळ्यात जास्त दुखणारा भाग. जीन ऑन्टॉलॉजीतल्या प्रत्येक नोंदीला पुराव्याचा संकेत जोडावाच लागतो. प्रत्यक्ष प्रयोगात प्रथिनाचं काम मोजलं तर आयडीए. जनुक बिघडवून परिणाम पाहिला तर आयएमपी. दुसऱ्या जनुकाशी असलेल्या क्रमातल्या साम्यावरून माणसाने विचार करून ठरवलं तर आयएसएस. कुठल्याही माणसाने न बघता संगणकाने लावलं तर आयईए. शोधून पाहिलं आणि काहीच सापडलं नाही तर एनडी. ही नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा वेगळी, कारण तिच्यातून कुणीतरी शोध घेऊन झाल्याचं कळतं.

ज्वारी, तूर, हरभरा या पिकांत बहुतांश नोंदी आयईए आहेत हे लक्षात ठेवा. तुरीच्या आशा वाणाचा जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ४८,६८० जनुकं असल्याचा अंदाज होता. एवढ्या जनुकांवर प्रयोग कोण करणार? साम्यावरून नोंदी लागल्या आणि त्यांचा उपयोगही आहे. पण त्याच नोंदी घेऊन तुम्ही एनरिचमेंट (आपल्या यादीत कुठल्या टर्म अपेक्षेपेक्षा जास्त येतात ते) काढता, निष्कर्षात 'पाण्याच्या ताणाशी निगडित जनुकं ठळकपणे आढळली' असं लिहिता, आणि पुढचा विद्यार्थी तुमचा प्रबंध पुरावा म्हणून दाखवतो. मूळ आधार मात्र ॲराबिडॉप्सिसवरचा एखादाच प्रयोग असतो.

आयईपी, म्हणजे जनुक कधी-कुठे किती चालू होतं एवढ्यावरून लावलेली नोंद, हा संकेत तर आरएनए सिक्वेन्सिंगवाल्यांनी हात आखडता घेऊनच वापरावा. ताणात एखाद्या जनुकाची पातळी आठ पट वाढली तर तुम्हाला एवढंच कळलं की पातळी वाढली. ते जनुक ताणाशी लढतंय, ताणाने झालेलं नुकसान निस्तरतंय, की वाढ थांबल्याने नुसतं ओढलं गेलंय, हे त्या आकड्यात नाही. हा संकेत फक्त जैविक प्रक्रियेच्या दालनात चालतो, रेण्वीय कार्याच्या दालनात नाही. समजा पी५सीएस या एन्झाइमचं जनुक वाढलं. त्याचं रेण्वीय कार्य तुमच्या प्रयोगातून आलेलं नाही, ते एन्झाइमच्या जुन्या अभ्यासातून आलंय: ग्लुटामेटला फॉस्फेट जोडणं आणि पुढची क्षपणाची पायरी, दोन्ही कामं एकाच प्रथिनात. प्रक्रिया आहे प्रोलीन हे अमिनो आम्ल तयार होण्याची. तुमच्या प्रयोगाने यात घातलेली भर एकच, की ज्वारीच्या मुळात पाणी तुटल्यावर ते वाढतं. तेवढंच लिहा, परीक्षक खूश होतील.

एनरिचमेंटबद्दल दोन गोष्टी सांगून पुढे जातो. तुलनेसाठी सगळा जीनोम न घेता तुमच्या ऊतीत व्यक्त झालेली जनुकंच घ्या, नाहीतर मुळाच्या डेटात 'मुळाशी संबंधित' टर्म वर येणारच आणि तुम्हाला काहीतरी सापडल्याचा भास होईल. दुसरं, ज्वारीच्या यादीत 'हृदयाचा विकास' असलं काही वर आलं तर हसून सोडून देऊ नका. कुठल्या टर्म कुठल्या जीवसमूहात लागूच होऊ शकत नाहीत याचे नियम जीन ऑन्टॉलॉजीत दिलेले आहेत, आणि तुमच्या साधनाने ते पाळलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. साधन बदला.

आता शेतनोंदींकडे येतो. इथे तुम्हाला खरोखर काम आहे आणि ते तुमच्याखेरीज कुणी करू शकणार नाही.

क्रॉप ऑन्टॉलॉजी जनरेशन चॅलेंज प्रोग्रामच्या छत्राखाली २००८ च्या सुमारास सुरू झाली. ज्वारीची यादी सीओ_३२४, तुरीची सीओ_३४१, आणि दोन्हींत पटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. तिची मांडणी अशी: गुणधर्म, मोजायची पद्धत आणि मापपट्टी, या तिघांची जोडणी म्हणजे एक चल (व्हेरिएबल). गुणधर्म सामायिक असू शकतो आणि पद्धत वेगळी असू शकते. मग ते दोन वेगळे चल, त्यांचे आकडे एका रकान्यात टाकायचे नाहीत. पैदासकारांना हे पहिल्या दिवशी किचकट वाटतं. दोन ठिकाणचा डेटा जोडायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

'पानांचा हिरवेपणा टिकणे' ही एकच नोंद सोबत बसून करू. गुणधर्म: पक्वतेच्या वेळी पानांचा शिल्लक हिरवेपणा. आता पद्धत. कधी बघायचं? एकाच तारखेला सगळं रान बघितलं तर लवकर येणारे वाण वाळलेले दिसतील आणि उशिरा येणारे हिरवेगार. तुम्ही मोजलेली गोष्ट मग स्टे-ग्रीन राहत नाही, ती कालावधी होते. म्हणून व्याख्येत लिहायला हवं की प्रत्येक ओळीत दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागल्यावर नोंद घ्यावी. कुठला दाणा? कणसाच्या खालच्या भागातला, कारण कणीस वरून खाली पिकत येतं. किती झाडं? ओळीच्या टोकाची सोडून मधली. मापपट्टी? इथे सावध राहा. काही वह्यांत १ ते ५ असतं आणि १ म्हणजे पूर्ण हिरवं. काहींत १ ते ९ असतं आणि ९ म्हणजे पूर्ण हिरवं. दोन्ही रकान्यांना नाव मात्र एकच. असा डेटा एकत्र केला की सहसंबंध शून्याकडे जातो आणि सगळे हवामानाला दोष देतात.

तुरीच्या वहीत तर 'स्टराईल' असा शेरा दिसला की तिथेच थांबा. वांझ रोगाने फुलं-शेंगा न धरलेलं झाड की पैदाशीच्या कार्यक्रमातली नरवंध्य ओळ? पहिल्याचं कारण कोळी किडीमार्फत पसरणारा विषाणू, दुसऱ्याचं कारण सहसा पेशीद्रव्यातली जनुकीय रचना. दोन्हींना एकच शेरा असलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत आणि त्या लिहिणारे अनुभवी लोक होते. त्यांना लिहिताना संदर्भ डोळ्यांसमोर होता, दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला तो नाही. 'मर' या शेऱ्याचंही तसंच. फ्युजेरियम बुरशीमुळे आलेली मर असेल तर खोड उभं चिरल्यावर आत काळपट रेषा दिसतात. रानात पाणी साचून मेलेलं झाडही वहीत 'मर' म्हणूनच येतं. बीएसएमआर ७३६ किंवा बीडीएन ७११ सारख्या वाणांच्या जुन्या-नव्या नोंदी जोडायच्या असतील तर 'मरीची झाडं, खोड चिरून खात्री केलेली' आणि 'मेलेली झाडं, कारण तपासलेलं नाही' हे दोन वेगळे चल करा. दुसरा चल लिहायला कमीपणा वाटतो, पण डेटा वाचतो.

व्याख्या लिहायची रीत साधी आहे. आधी ती गोष्ट कुठल्या मोठ्या प्रकारात मोडते ते लिहा, मग त्या प्रकारातल्या इतरांपासून कशामुळे वेगळी ठरते ते लिहा. 'पोंगेमर: रोपाचा मधला पोंगा वाळणे, जो खोडमाशीच्या अळीने वाढीचा बिंदू खाल्ल्यामुळे होतो व ओढल्यास सहज निघतो.' व्याख्येत ज्या शब्दाची व्याख्या करायची तोच शब्द परत आला तर ती फाडून टाका. 'सहनशीलता म्हणजे ताण सहन करण्याची क्षमता' हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता मोजणं सोडलं.

व्याख्या जमली की नाही हे ठरवायला चर्चा करत बसू नका. एका रानातली वीस झाडं दोघांना स्वतंत्रपणे द्या, एक तुमच्या गटातला आणि एक ज्याने तुमची चर्चा ऐकलेली नाही असा. दोघांच्या हाती फक्त लिखित व्याख्या. आकडे जुळले नाहीत तर जिथे फरक पडला त्या झाडापाशी दोघांना उभं करा आणि विचारा. व्याख्येतला सुटलेला शब्द तिथेच सापडतो. शेतावरच्या अनुभवी मजुरांना यात जरूर घ्या. पोटरी, निसवणी, हुरडा या अवस्था त्यांच्या इतक्या पक्क्या असतात की त्यांचं उत्तर पुस्तकी वर्णनापेक्षा जास्त स्थिर येतं. हे मराठी शब्द क्रॉप ऑन्टॉलॉजीच्या टर्मला पर्यायी शब्द म्हणून, भाषेची खूण लावून जोडून ठेवा. मोबाईलवरच्या नोंदणी ॲपमध्ये तेच दिसू द्या, मागे क्रमांक एकच राहील. मराठी शब्दांचा निराळा शब्दसंग्रह करायची गरज नाही आणि करूही नये. एकाच विषयाला दोन ऑन्टॉलॉजी झाल्या की त्यांची जुळवणी करण्यात माणसं निवृत्त होतात. याच कारणाने ओबीओ फाउंड्री या जैविक ऑन्टॉलॉजींच्या समूहाने एकाच क्षेत्रात एकमेकांवर चढणाऱ्या ऑन्टॉलॉजी नकोत हे तत्त्व धरलं.

जे खरंच सापडत नाही त्याचं काय? मागायचं. जीन ऑन्टॉलॉजीला नवीन टर्मची विनंती गिटहब या संकेतस्थळावरून कुणीही करू शकतं, त्यासाठी मोठ्या संस्थेचं नाव लागत नाही. प्रस्तावित नाव, एका वाक्यातली व्याख्या, वरची टर्म कुठली, आणि ज्यात ती प्रक्रिया प्रत्यक्ष दाखवलीय असा किमान एक शोधनिबंध, एवढं द्या. व्याख्येवरून दोन-चार प्रश्न येतील, ते मनाला लावून घेऊ नका, त्यांचं कामच ते आहे. रोगकारक आणि वनस्पती यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या टर्म सुरुवातीला फारच तोकड्या होत्या. २००४ मध्ये वनस्पतींवरच्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या गटांनी पॅमगो नावाचा प्रकल्प सुरू केला आणि शेकडो टर्म आत घातल्या. तुम्ही मर किंवा खडखड्यावर काम करणार असाल तर त्यांच्याच खांद्यावर उभे असाल. क्रॉप ऑन्टॉलॉजीसाठी ट्रेट डिक्शनरीचा ठरलेला नमुना तक्ता असतो, तो भरून त्या पिकाची यादी सांभाळणाऱ्या क्युरेटरकडे पाठवायचा.

एक्सेलबद्दल शेवटी, कारण तुमचे तक्ते त्यातच आहेत. माणसाच्या एमएआरसीएच१ आणि एसईपीटी१ या जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करून टाकायचं. २०१६ सालच्या एका पाहणीत एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या, आणि २०२० मध्ये नामकरण समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलली. तुमच्याकडे दुसरा धोका आहे. जीओ क्रमांकाच्या आधीची अक्षरं काढून नुसता आकडा ठेवला की एक्सेल पुढची शून्यं खातं आणि ०००९४१४ चं ९४१४ होतं. रकाना आधीच 'टेक्स्ट' करा, अक्षरं काढू नका. ज्वारीच्या जनुकांचे क्रमांकही तपासा: जीनोमच्या पहिल्या आवृत्तीत ते 'एसबी०७जी' अशा धर्तीवर होते, नंतरच्या आवृत्तीत 'सोबिक.००७जी' अशा धर्तीवर आले, आणि तुमच्या तक्त्यात दोन्ही मिसळलेले दिसतात. आधी सगळे एका आवृत्तीत आणा, रूपांतराचा तक्ता जपून ठेवा, मग टर्म लावायला बसा. कपाशीचं आत्ता बाजूला ठेवा. लागवडीखालच्या बहुतेक कपाशीत दोन पूर्वज जातींचे जीनोम एकत्र असल्याने एकाच कामाची जनुकं जोडीने येतात आणि नोंद कुठल्या प्रतीची हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. नांदेडच्या मित्राला त्याचा तक्ता घेऊन स्वतंत्र विचारायला सांगा.